दहा फूट तीन इंच

आमच्या गल्लीत मास्तर म्हटलं की शिवणयंत्राचा आवाज आठवतो, शाळा नाही. मी एकतीस वर्षं शाळेत शिकवलं, पण मला सगळे बाई म्हणतात. मास्तर ही पदवी गल्लीतल्या टेलरकडे गेली ती कायमची. त्यांच्या शेजारच्या घरात सिस्टर राहायच्या. जन्मभर एका लहानशा दवाखान्यात परिचारिका होत्या, निवृत्त झाल्या तरी सिस्टरच राहिल्या. कोपऱ्यावरचा बेकरीवाला म्हणायचा, या गल्लीत नापास व्हा, आजारी पडा नाहीतर फाटके फिरा, तिन्हींचा बंदोबस्त आहे.

मास्तर उंचीनं बेताचे. यंत्रावर वाकून वाकून मान कायमची थोडी पुढे आलेली. गळ्यात टेप. मेणकापडाचा साठ इंची टेप, मूळचा पिवळा, आता चहाच्या रंगाचा झालेला. एका टोकाला पितळेचा पत्रा होता. दुसऱ्या टोकाचा कधीच गळून गेला होता, तिथं त्यांनी काजासारखी दोऱ्याची कड घातली होती. आकडे जवळजवळ पुसलेले होते, पण मास्तरांना ते वाचावे लागत नसत. अंगठा फिरवला की बत्तीस कुठं आणि छत्तीस कुठं ते त्यांना कळायचं. हा टेप त्यांच्या उस्तादांनी दिलेला. ज्या दिवशी मास्तरांनी पहिली पँट कोणाच्या मदतीशिवाय बेतली, त्या दिवशी उस्तादांनी तो स्वतःच्या गळ्यातून काढून यांच्या गळ्यात घातला. ही गोष्ट मास्तर फार कमी वेळा सांगायचे, आणि सांगताना हातातलं काम थांबवायचे नाहीत.

गल्लीत नवा माणूस राहायला आला की आम्ही त्याचा चेहरा बघायचो, मास्तर खांदे बघायचे. पोस्टातला एक कारकून भाड्यानं राहायला आला, तेव्हा दुसऱ्या दिवशी मास्तर मला म्हणाले होते की याचा उजवा खांदा अर्धा इंच खाली आहे, हा सामानाची पिशवी एकाच हातात धरतो, म्हणजे बरोबर कुणी नाही. चौकशी केली तर खरंच तो एकटा होता. माझ्या शाळेतले निम्मे गणवेश त्यांच्या हातचे. मुलं वाढतात म्हणून पँटच्या खाली आत चार बोटं कापड दुमडून ठेवायचे, आणि ते उसवून द्यायला कधी काही घ्यायचे नाहीत. मी वर्गात मुलाच्या पँटवरची जुन्या दुमडीची रेघ बघून सांगू शकायचे की हा यंदा किती वाढला.

त्यांची बायको गेली त्याला नऊ वर्षं झाली. शेवटचे चौदा महिने त्या अंथरुणाला खिळून होत्या. सिस्टर तेव्हा नोकरीत होत्या. दवाखान्यातली पाळी संपली की आपल्या घराचं कुलूप उघडायच्या आधी त्या मास्तरांच्या घरात शिरत. कूस बदलायची, पाठ पुसायची, केस विंचरायचे, आणि दिवसभरात दवाखान्यात कोण कोणावर ओरडलं ते हसत हसत सांगायचं. चौदा महिन्यांत एक दिवस चुकला नाही. सगळं संपल्यावर मास्तरांनी फार संकोचानं पैशाचं विचारलं, तर सिस्टर म्हणाल्या की मला घरात घालायला दोन गाऊन शिवून द्या, बाजारातले खांद्यात पडतात. तेव्हापासून दर वर्षी मास्तर त्यांना दोन सुती गाऊन शिवून देत. माप वहीत होतं. दर वर्षी विचारायचं काम नव्हतं.

ही सगळी हकिकत सांगायचं कारण घरपट्टी.

आमच्या गल्लीत सव्वीस घरं आहेत, एकाला एक लागून, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, पुढे सगळ्यांचा मिळून एक लांब व्हरांडा. एका कारखान्यानं कामगारांसाठी बांधली आणि बंद पडताना त्यांनाच विकली. एका वर्षी नगरपालिकेनं सगळ्या घरांची नव्यानं मोजणी करून घेतली. मोजणारे आले, बाहेरूनच लाल ठिपक्याचं यंत्र भिंतीवर रोखलं, आणि गेले. चार महिन्यांनी बिलं आली तेव्हा घरपट्टी जवळजवळ तिप्पट झाली होती. दर वाढले होते हे खरं, पण घरंही वाढली होती. दोन घरांमधली एकच भिंत दोघांच्याही नावावर पूर्ण लावली होती, आणि सगळ्यांचा व्हरांडा प्रत्येकाच्या पदरात टाकला होता. बेकरीवाला बिल हातात धरून म्हणाला, मी झोपेत एक खोली बांधली आणि मलाच कुणी सांगितलं नाही.

हसलो आम्ही, पण सिस्टर हसल्या नाहीत. त्यांचा दवाखाना खाजगी आणि लहान, त्यामुळे पेन्शन नावापुरतं. गुडघ्यांच्या औषधांत त्यातलं निम्मं जायचं. दुसऱ्या गावी त्यांचा भाचा होता. माणूस वाईट नाही; मावशीला कधीपासून बोलवत होता, तिच्यासाठी मागची खोली रिकामी करून ठेवली होती. सिस्टरना जायचं नव्हतं. एकवीस वर्षं त्यांनी ते घर हप्ते भरून सोडवलं होतं, आणि त्यांच्या शब्दांत सांगायचं तर दुसऱ्याच्या घरात रात्री पाणी प्यायला उठायचं तरी चप्पल कुठं काढली ते आठवावं लागतं. बिल आलं तेव्हा भाचा येऊन गेला. दोघांचं काय बोलणं झालं ते सिस्टरनी मला आणि मास्तरांना दुसऱ्या दिवशी व्हरांड्यात बसून सांगितलं. त्यांनी भाच्याला शब्द दिला होता: घरपट्टी कमी झाली तर मी इथंच राहीन, नाही झाली तर घर विकून तुझ्याकडे येईन, मग मागे बघणार नाही.

मास्तर हातातल्या शर्टाला बटण लावत होते. पण ते बटण त्यांनी उसवून पुन्हा लावलं, हे मी पाहिलं.

त्याच आठवड्यात बेकरीच्या मागच्या अंगणात, पिठाच्या रिकाम्या डब्यांवर बसून, सगळ्या घरांची बैठक झाली. हरकतीचा अर्ज करायला तीस दिवस होते. अर्जात एक रकाना होता, अर्जदारानं स्वतः केलेलं मोजमाप. परवानाधारक मोजणीदार आणायचा तर त्याची फी ऐकून दोघं उठूनच गेले. तेव्हा बेकरीवाला म्हणाला, "अख्ख्या गावाची मापं घेणारा माणूस आपल्यात बसलाय आणि आपण बाहेर शोधतोय. मास्तर घरं मोजतील, वर बाह्याही लावून देतील."

मास्तर लाजले, पण नाही म्हणाले नाहीत. त्यांना विचारलं गेलं याचाच त्यांना आनंद झाला होता. शिवणाचा धंदा तेव्हा पार बसला होता. तयार कपड्यांची दुकानं चहूकडे झाली होती, आणि मास्तरांकडे मुख्यतः चेन बदलणं आणि कंबर सैल करणं एवढंच काम यायचं.

अकरा दिवसांत त्यांनी सव्वीस घरं मोजली. पद्धत त्यांची होती. टेप साठ इंचांचा, खोली त्याहून मोठी. म्हणून भिंतीला टेपचं पितळी टोक लावायचं, पाच फुटांवर कापडावर आखतात त्या निळ्या खडूनं जमिनीवर खूण करायची, मग तिथून पुढचा टेप. गुडघे टेकून सरकायचं. खिडकीची आतली जागा वेगळी, कोनाडा वेगळा. वहीत प्रत्येक घराला एक पान दिलं, गिऱ्हाइकाला देतात तसं. त्यांना दुसरी पद्धत येतच नव्हती. माझ्या पानावर लिहिलं होतं: बाईंचं घर, स्वयंपाकघर, डावा कोपरा आत ओढलेला. बेकरीवाल्याच्या पानावर: मागची भिंत पोटात सुटलेली. त्यानं ते वाचलं आणि घर मालकावर गेलंय असं स्वतःच म्हणाला.

सिस्टरच्या घरी मी त्यांच्याबरोबर गेले होते, आकडे टिपून घ्यायला. सिस्टर खुर्चीत पाय वर घेऊन बसल्या होत्या. पुढच्या खोलीत मास्तरांनी टेप लावला, खूण केली, दुसऱ्यांदा लावला, आणि दोऱ्याची कड समोरच्या भिंतीला बरोबर टेकली. एक दोरा इकडे नाही, एक दोरा तिकडे नाही. दोन टेप, दहा फूट. मास्तर तसेच गुडघ्यांवर बसून वर बघून म्हणाले की घर बांधणाऱ्याला माप कळत होतं. एवढं खूश मी त्यांना बायको गेल्यापासून पाहिलं नव्हतं. सिस्टर त्या टेपकडे बघत होत्या. काहीतरी बोलायला त्यांनी तोंड उघडलं, मग चहा टाकते म्हणून उठल्या.

अर्ज मी लिहिले. सव्वीसच्या सव्वीस, एका मसुद्यावरून. एक गोष्ट इथं कबूल केली पाहिजे. व्हरांडा आणि सामाईक भिंत हा खरा मुद्दा मी चौथ्या परिच्छेदात घातला. आधी प्रस्तावना, मग गल्लीचा इतिहास, मग मास्तरांची मापं. जन्मभर निबंध तपासले, त्याची ही सवय. फाईल बांधताना मास्तरांनी सिस्टरचा अर्ज सगळ्यात वर ठेवला. म्हणाले, साहेबांचं डोकं सकाळी ताजं असतं, पहिला कागद नीट वाचतील.

सुनावणीला आम्ही नऊ जण गेलो. कर विभागाची खोली लांबट होती, कपाटांवर फायलींचे गठ्ठे छतापर्यंत, आणि लोकांनी हात टेकून टेकून गुळगुळीत केलेलं एक लाकडी टेबल. अधिकारी मध्यमवयाचे, चष्मा कपाळावर चढवलेला, आवाज न चढवणारे. मला त्यांच्याबद्दल राग नाही, आजही नाही. त्यांनी वरचा अर्ज उचलला, मापं पाहिली, आणि विचारलं की मोजणी कुणी केली. मास्तर उभे राहिले. टेलर आहे म्हणाले. अधिकारी हसले नाहीत. म्हणाले की सव्वीस घरं पुन्हा मोजायला माझ्याकडे माणसं नाहीत. मी एक घर तपासतो, ते जुळलं तर सगळी मापं मान्य करतो.

यापेक्षा चांगलं काय हवं होतं? मास्तर तर उजळूनच निघाले. म्हणाले, "तपासा साहेब. एक शर्ट अंगात नीट बसला की शिंपी कळतो." आणि हे घर तपासा म्हणून त्यांनीच वरच्या अर्जावर बोट ठेवलं. सिस्टरच्या.

गुरुवारी अकरा वाजता अधिकारी आले, बरोबर पोलादी फीत घेतलेला मोजणीदार. आम्ही दारात गर्दी करून उभे. मोजणीदारानं पुढच्या खोलीत फीत ताणली आणि आकडा वाचला: दहा फूट तीन इंच.

मास्तर म्हणाले, पुन्हा बघा. त्यानं पुन्हा पाहिलं. मग मास्तरांनी फितीचं टोक स्वतः धरलं, भिंतीला दाबून धरलं, नखं पांढरी होईपर्यंत. दहा फूट तीन इंच. आतली खोली मोजली, तिथंही दोन-अडीच इंचांचा फरक. स्वयंपाकघरात पुन्हा तेच, आणि प्रत्येक वेळी मास्तरांचं माप कमी. अधिकाऱ्यांनी वहीकडे पाहिलं, मग मास्तरांकडे.

"मास्तर, हे इंच गेले कुठं?"

टोमणा नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. माझं माप कधी चुकत नाही साहेब, एवढंच मास्तर म्हणाले, आणि ते वाक्य त्या खोलीत फार वाईट ऐकू आलं. मी व्हरांड्याचं बोलायला पुढे झाले. अधिकारी म्हणाले की बाई, मापंच खोटी ठरली तर पुढचं कशाच्या आधारावर ऐकू. चार दिवसांनी कागद आला. अर्जदारांची मापं संशयास्पद, हरकती फेटाळल्या, मूळ आकारणी कायम. सव्वीस घरांची.

ज्या दिवशी कागद आला त्या संध्याकाळी मास्तर माझ्याकडे आले. दारातूनच विचारलं, बाई, तुमची शाळेतली लाकडी फूटपट्टी आहे का. मी काढून दिली. त्यांनी गळ्यातला टेप काढून माझ्या जेवणाच्या टेबलावर सरळ पसरला, आणि त्याच्या कडेनं फूटपट्टी ठेवत गेले. एक फूट, दोन, तीन. प्रत्येक फुटाला खडूची बारीक रेघ. पाच फूट पुरे झाले तेव्हा टेपचं टोक फूटपट्टीच्या पुढे गेलेलं होतं. दीड इंच.

मेणकापड ताणलं जातं. तीस-पस्तीस वर्षं रोज गळ्यात लोंबून, रोज शेकडो वेळा ओढून, तो केसाकेसानं वाढत गेला होता. साठचा साडेएकसष्ट झाला होता. सिस्टरची खोली दोन टेपांची; तिथं तीन इंच गेले.

मला त्यांना धीर द्यायचा होता. म्हटलं, असं कसं, इतक्या वर्षांत तुमचा एक कपडा तरी कुणाला आखूड झालाय का? मास्तर टेपकडेच बघत होते.

"बाई, माणूसही याच टेपनं मोजला आणि कापडही याच टेपनं. चुकीला चूक मिळून जात होती. घराला मिळाली नाही."

मग त्यांनी टेपची गुंडाळी केली. ती गळ्यात घातली नाही, खिशात ठेवली. मी फूटपट्टी परत घेतली तेव्हा ती त्यांच्या हाताच्या घामानं ओली होती.

तिथून ते सिस्टरकडे गेले. मी मागून गेले, कारण ते एकटे जायला नकोत असं मला वाटलं. त्यांनी उभ्यानंच सगळं सांगितलं. सिस्टरनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या की मला ते ठाऊक होतं. पहिल्या गाऊनच्या वेळी मास्तरांनी कंबर अठ्ठावीस लिहिली होती. दवाखान्यातल्या टेपनं ती एकोणतीसला टेकायची.

"बरं वाटायचं हो," सिस्टर म्हणाल्या. "या गल्लीत मी एक इंच बारीक होते. कशाला सांगू?"

मास्तरांना हसू आलं, आणि ते हसू मधेच थांबलं. सिस्टरही थांबल्या. मग खालच्या आवाजात म्हणाल्या की तुम्ही जमिनीवर खूण करत होतात तेव्हा माझ्या ओठांवर आलं होतं. पण तुम्ही इतके खूश होतात. चार लोकांत सांगायला नको, नंतर एकटे असताना सांगेन म्हटलं. नंतर राहून गेलं.

मास्तर खिशातल्या टेपवर हात ठेवून घरी गेले.

दुसऱ्या दिवशी मास्तर घरोघर गेले. एक दार सोडलं नाही. प्रत्येक दारात तेच वाक्य, माझा टेप ताणलेला होता, चूक माझी. काहींनी आत बसवून पाणी दिलं. बेकरीवाला म्हणाला, म्हणजे माझं पोट तुम्ही सांगत होतात त्याहून मोठं आहे तर, आता पाव कमी खातो. एकानं मात्र दार न उघडता खिडकीतूनच सांगितलं की मास्तर, तुमच्या चिंधीपायी आम्ही बुडालो. मास्तर खिडकीपुढे मान खाली घालून उभे राहिले, तो बोलायचं थांबला तेव्हा नमस्कार करून पुढच्या दाराला गेले. खिडकीतला माणूस माझा विद्यार्थी. त्याच्या दहावीच्या परीक्षेची पँट मास्तरांनी आदल्या दिवशी बसून शिवली होती. मी त्याला काही बोलले नाही. त्याचंही बिल तिप्पटच आलं होतं.

वरच्या अधिकाऱ्याकडे अपील करता येत होतं, पण नियम असा की आधी बिल पूर्ण भरायचं, मग भांडायचं. मास्तरांनी मला प्रतिज्ञापत्र लिहायला सांगितलं. मी ते शक्य तितकं मऊ लिहिलं होतं, की साधन जुनं असल्यानं मोजमापात तफावत आली. त्यांनी ते वाचलं आणि नको म्हणाले. शेवटी त्यांच्याच शब्दांत लिहिलं: मी चाळीस वर्षं टेलर आहे. माझा टेप दीड इंच लांब झाला होता आणि ते मला कळलं नाही. घरमालकांची यात काही लबाडी नाही. खाली सही. सही करताना पेन दोनदा उचललं. व्हरांड्याचा आणि भिंतीचा मुद्दा या वेळी मी पहिल्या ओळीत घातला.

पंचवीस घरांनी कुठून कुठून जमवून बिल भरलं. सव्विसावं सिस्टरचं. मास्तर त्यांच्याकडे पाकीट घेऊन गेले. त्यात काय होतं ते मला माहीत आहे, कारण आदल्या दिवशी त्यांचं जुनं काज करायचं यंत्र एक माणूस हातगाडीवर घालून घेऊन गेला होता. सिस्टरनी पाकीट उघडलं नाही. त्यांच्या मांडीवर ते बराच वेळ होतं. मग म्हणाल्या, "मास्तर, वहिनींचं मी जे केलं ते उधारीवर नव्हतं. त्याचे हे पैसे होणार असतील तर मी ते करूनच चुकले म्हणायचं." आणि पाकीट त्यांच्या शर्टाच्या खिशात स्वतःच्या हातानं घातलं. शिवाय भाच्याला शब्द दिला होता. सिस्टर शब्दाच्या पक्क्या. रोग्याला दुखणार नाही असं त्या कधी सांगायच्या नाहीत, थोडं दुखेल म्हणायच्या.

घर दीड महिन्यात विकलं गेलं. जायच्या सकाळी टेम्पो आला, सामान फारसं नव्हतंच. भाचा कपाट बाहेर काढत होता. रिकाम्या खोलीत जमिनीवर मास्तरांच्या खडूच्या निळ्या खुणा तशाच होत्या. कामवालीनं त्या पुसायला घेतल्या तेव्हा सिस्टर राहू दे म्हणाल्या होत्या, का ते त्यांनी सांगितलं नाही. मास्तर दारात उभे होते. गळा मोकळा. त्यांनी विचारलं की पुढच्या गाऊनसाठी नव्यानं माप घेऊन ठेवू का, आता लांब जाताय.

"वहीत आहे ना," सिस्टर म्हणाल्या. "माझं माप बदलत नाही."

टेम्पोत चढायला मास्तरांनी हात दिला. तो हात त्यांनी गाडी सुरू होईपर्यंत सोडला नाही, आणि मग दोघांनी एकदमच सोडला.

अपिलाचा निकाल सात महिन्यांनी लागला. वरच्या अधिकारी एक बाई होत्या. त्यांनी माणूस पाठवून नव्यानं मोजणी करवली, व्हरांडा सगळ्यांच्या नावावरून काढला, सामाईक भिंत अर्धी अर्धी केली. घरपट्टी बरीच खाली आली. निकालात एका ओळीत मास्तरांचाही उल्लेख होता, की मोजणाऱ्यानं स्वतःहून चूक कबूल केल्यानं अर्जदारांचा हेतू प्रामाणिक दिसतो. बेकरीवाल्यानं तो कागद काचेखाली घालून दुकानात लावला. खिडकीतून बोललेला माझा विद्यार्थी एक पँट घेऊन मास्तरांकडे गेला. कंबर सैल करायची होती, निदान तसं त्यानं सांगितलं. नगरपालिकेनं मोजणी सरसकट सगळ्या घरांची केली होती, त्यामुळे सिस्टरच्या घराचाही आदेश निघाला. कार्यालयात नाव बदलायचं राहिलं होतं. लिफाफ्यावर सिस्टरचं नाव होतं.

नव्या मालकानं, बिचारा भला माणूस, तो लिफाफा मास्तरांकडे आणून दिला. मास्तरांनी तो मला दाखवला. नव्या मोजणीआधी भरायच्या त्या घरपट्टीपेक्षा रक्कम थोडीच जास्त होती. सिस्टरना झेपली असती.

मी विचारलं, पाठवायचा का त्यांना. मास्तर म्हणाले, कळून त्यांना काय मिळणार, नुसतं टोचत राहील. त्यांनी लिफाफा वहीत ठेवला, सिस्टरच्या पानावर.

पण ते पान उघडलंच होतं, तर त्यांनी गाऊन बेतायला घेतले. मास्तरांकडे आता नवा टेप होता, फायबरचा, न ताणला जाणारा. नव्या गिऱ्हाइकाला तोच. पण वहीतली जुनी मापं जुन्या इंचांतली. ती नव्या टेपनं बेतली असती तर सगळं आखूड झालं असतं. म्हणून भिंतीवर दोन खिळे होते आणि दोन टेप. त्या दिवशी त्यांनी जुना काढला. फिकट निळं सुती कापड टेबलावर पसरलं, अंगठा टेपवरून फिरवला आणि आकडे न वाचता खुणा करत गेले. छाती, खांदा, बाही, उंची. मी खुर्चीवर बसून बघत होते. दोन गाऊन तीन दिवसांत झाले आणि पोस्टानं गेले.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. मास्तरांना हल्ली बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून ते माझ्याकडे घेऊन आले. सिस्टरचं अक्षर मी ओळखते, दवाखान्यातल्या तक्त्यांवरचं सरळ, उभं अक्षर. या पत्रात ते खाली खाली घसरत गेलं होतं. चारच ओळी होत्या. गाऊन मिळाले. अंगात अगदी मापात बसले. खांद्यात पडत नाहीत. बाईंना सांगा की इथं खिडकी पूर्वेला आहे.

त्याखाली वेगळ्या शाईत भाच्यानं लिहिलं होतं. मावशी फार खंगली आहे. गाऊनच्या बाह्या दोनदा दुमडाव्या लागतात, आणि खांदे पिनांनी धरून ठेवले आहेत. पण ती दुसरं काही घालत नाही. मास्तरांना हे कळवू नका असं तिनं बजावलं आहे, तरी पुढच्या वेळी लहान माप धरलं तर बरं.

मी वरच्या चार ओळी वाचून दाखवल्या. मास्तर ऐकत होते, तर्जनी टेबलावर टेकवून, जणू काही माप धरून ठेवलंय.

"खाली अजून काही लिहिलंय?"

"भाच्यानं नमस्कार लिहिलाय," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. पत्र घेऊन घडीवर घडी घातली, वहीत त्या लिफाफ्याजवळ ठेवलं, आणि वही मिटता मिटता, मला नव्हे, त्या पानालाच सांगितल्यासारखं म्हणाले की मग माप तसंच ठेवतो.